पहिल्या दिवसाची साखर

"टीबीचं निदान झालं त्याच दिवशी रँडम शुगर २१४ आली. पेशंट डायबेटिक आहे का?"

गाईड मॅडमनी हा प्रश्न राउंडमध्ये सगळ्यांसमोर विचारला, तेव्हा मला एमडी मेडिसिनला लागून तीनच महिने झाले होते. मी म्हटलं, "हो मॅडम. दोनशेच्या वर आहे, लक्षणंही आहेत."

"कोणती?"

"वजन उतरलंय. थकवा आहे."

"टीबीत वजन उतरत नाही का? मग ही लक्षणं शुगरच्या नावावर कशी लिहिलीस?"

त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. माझं मात्र त्या दिवशी दुसऱ्या कशात लक्ष लागेना. पुस्तकातलं मला पाठ होतं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.५ किंवा जास्त. आणि लक्षणं असतील तर कोणत्याही वेळची २०० पुरे. ही शेवटची ओळ टीबीच्या वॉर्डात फसवते. तिथे प्रत्येकच माणूस वाळलेला आणि थकलेला असतो. वर शरीर जंतूशी झगडत असताना कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन वाढलेलं असतं, त्यापुढे इन्सुलिनचं फारसं चालत नाही आणि साखर चढते. टीबी आटोक्यात आला की ती आपोआप उतरू शकते. किंवा उलटंही असू शकतं. डायबेटिस पाच-सात वर्षांपासून अंगात होता, कुणी तपासलाच नव्हता, आणि त्यानेच टीबीला वाट करून दिली. २१४ हा आकडा दोघांच्याही केसपेपरवर सारखाच दिसतो.

संध्याकाळी मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, यावर थेसिस करता येईल का. मॅडम म्हणाल्या, "येईल. पण एकेका पेशंटच्या सहा-सहा महिने मागे लागावं लागेल. तेवढा धीर आहे का बघ." पुढचं दीड वर्ष त्या मागे लागण्यातच गेलं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी होते. अभ्यासाचा आराखडा कागदावर सोपा होता. फुफ्फुसाचा टीबी नव्याने निघालेल्या प्रत्येक प्रौढ पेशंटची साखर पहिल्या दिवशी, दोन महिन्यांनी आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी तपासायची. ज्यांना आधी डायबेटिस माहीत नव्हता पण पहिल्या दिवशी साखर जास्त निघाली, त्यांच्यातल्या किती जणांची शेवटी उतरते आणि किती जणांची तशीच राहते, ते पाहायचं. आधीपासून डायबेटिस असलेले पेशंट तुलनेसाठी घ्यायचे.

विषय नवा नव्हता, आणि ते मला आवडलं होतं. डायबेटिस असलेल्याला टीबी होण्याची जोखीम दुप्पट-तिप्पट असते, हे २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणाने दाखवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दोन्ही आजारांची एकमेकांसोबत तपासणी करायची चौकट दिली, आपल्या देशाने २०१७ मध्ये आपली वेगळी चौकट तयार केली. म्हणजे टीबीच्या प्रत्येक पेशंटची साखर तपासायची हे ठरलेलंच होतं. तपासून आलेल्या आकड्याचं नंतर काय करायचं, याविषयी मात्र ओपीडीच्या गर्दीत कुणाला फार बोलायला वेळ नसायचा. माझं काम चालू असतानाच, जून २०२३ मध्ये, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीचे आकडे आले: भारतात १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस. जगातल्या टीबीच्या साधारण चौथ्या हिश्शाचा भार आपल्याकडे आधीच आहे. त्या दिवशी क्षयरोग विभागाच्या बाहेरची रांग मी वेगळ्या नजरेने बघितली.

आणि ती रांग काटकुळ्या माणसांची असते. डायबेटिस म्हणजे सुटलेलं पोट, हे चित्र डोक्यात ठेवून बसलं तर या रांगेतला एकही डायबेटिस सापडणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच कितीतरी वर्षं सांगितलं आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तो फोटो मी माझ्या थेसिसच्या फाइलच्या आत चिकटवला होता. सडपातळ पेशंट आला की "याची कशाला करायची शुगर" असं कुणी म्हटलं, की फाइल उघडून दाखवायचे.

सिनॉप्सिस, म्हणजे थेसिसचा आराखडा, नाशिकला विद्यापीठात पाठवण्याआधी दोन पायऱ्या होत्या. पहिली सँपल साइजची, म्हणजे किती पेशंट घ्यायचे ते ठरवण्याची. फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर हे सूत्र आमच्याकडच्या प्रत्येक रेसिडेंटच्या वहीत असतं. त्यावरून आकडा शंभराच्या पुढे गेला. मॅडमनी त्यात वीस टक्के आणखी मिळवायला लावले. "जे परत येणार नाहीत त्यांचे," त्या म्हणाल्या.

दुसरी पायरी एथिक्स कमिटीची. मी संख्याशास्त्राची तयारी करून गेले होते. पहिला प्रश्न विचारला तो समितीतल्या वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या सदस्याने. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. "पेशंटला उपाशीपोटी यायचंय असं लिहिलंय तुम्ही. लांबच्या खेड्यातून पहाटेची एसटी धरून उपाशी येणार, रक्त दहाला काढणार. त्यानंतर ते खाणार काय? आणि जास्तीच्या फेरीचं भाडं कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकील असलेल्या सदस्यांनी त्यावर आणखी एक जोडला: "साखर जास्त निघाली आणि तुम्ही फक्त नोंद करून ठेवलीत, तर त्या माणसाला यातून काय मिळालं?"

मी प्रोटोकॉल घेऊन परत आले आणि तो त्या दोन प्रश्नांभोवती पुन्हा लिहिला. टीबीच्या पेशंटला दोन महिने झाल्यावर आणि कोर्स संपताना बेडका तपासायला तसंही यावंच लागतं. माझ्या तारखा मी त्याच तारखांना बांधल्या, जास्तीची फेरी गेली. रक्त सकाळी सर्वांत आधी काढायचं, नंतर विभागाकडून चहा आणि पोहे. साखर जास्त निघेल त्याला त्याच दिवशी डायबेटिसच्या ओपीडीत मी स्वतः घेऊन जायचं. मग मंजुरी मिळाली. मॅडमनी अभ्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतही नोंदवायला लावला. तिथे पहिला पेशंट घेण्याच्या आधीच नोंद करावी लागते, म्हणजे काय मोजणार हे आधी जाहीर होतं आणि नंतर सोयीचं तेवढंच मोजता येत नाही. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते.

संमतिपत्राने मला नवीन मराठी शिकवलं. आमच्या पहिल्या मसुद्यात "सदर अभ्यासात सहभागी होणे सर्वस्वी ऐच्छिक असून" अशी वाक्यं होती. एका आजोबांना ती वाचून दाखवली. ते म्हणाले, "या वयात मी कसला अभ्यास करू बाई?" दुसऱ्या एकाने सरळ विचारलं, "माझ्यावर प्रयोग करणार का?" तेव्हापासून मी कागद बाजूला ठेवून बोलायला लागले. "काका, टीबीचं औषध तुम्हाला सगळ्यांसारखंच मिळणार, त्यात काही बदल नाही. मी फक्त तीन वेळा तुमचं रक्त तपासणार आहे. नको वाटलं तर नाही म्हणा, उपचार तेच राहतील. मधेच सोडलं तरी चालेल." हे समजलं की मग कागद. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या अंगठ्याशेजारी आमच्या विभागाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागायची. बऱ्याचदा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा किंवा सून मदतीला यायची. नाही म्हणणारेही होते. एका ताईंनी नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन, नवरा हो म्हणत असताना, स्वतः नाही म्हणाल्या. त्यांच्या नकाराची नोंद करताना मला बरं वाटलं, कारण मी सांगितलेलं त्यांना समजलं होतं.

सुरुवातीच्या महिन्यातच एक चूक सापडली. काही नमुन्यांची साखर संशयास्पद कमी येत होती. मी लॅबमध्ये जाऊन बसले तेव्हा कळलं, की साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये जायला हवं होतं आणि गर्दीच्या दिवशी ते साध्या ट्यूबमध्ये गेलं होतं. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. ते नसेल तर रक्तातल्या पेशी ट्यूबमध्येसुद्धा साखर खात राहतात, आणि दोन तास टेबलावर राहिलेला नमुना पेशंटच्या अंगात होती त्यापेक्षा कमी साखर दाखवतो. ते सगळे पेशंट मी पुन्हा बोलावले, आणि त्यानंतर राखाडी आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूब एप्रनच्या खिशात घेऊनच फिरले.

दुसरी चूक याहून मोठी होती, आणि ती पूर्णपणे माझी.

त्या ताई चार घरची धुणीभांडी करायच्या. दोन महिने खोकला. बेडक्यात टीबीचा जंतू शोधणारी ट्रूनॅट तपासणी पॉझिटिव्ह आली. (हे छोटं बॅटरीवर चालणारं यंत्र आपल्या गोव्यात तयार झालं, आणि तालुक्याच्या ठिकाणीही ते चालतं, याचा मला अभिमान आहे.) वजन ४१ किलो, म्हणून टीबीच्या चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन. उपाशीपोटी साखर १३८, एचबीएवनसी ६.७, हिमोग्लोबिन ८. मी त्यांना सांगितलं, "ताई, तुम्हाला शुगरपण आहे." आणि ओपीडीत सर्वांना देतात तो आहाराचा छापील कागद हातात ठेवला. भात, बटाटा, केळी, गूळ, साखर बंद.

दोन महिन्यांनी त्या ठरलेल्या दिवशी आल्या. बेडक्यात जंतू नव्हते. खोकला गेला होता. काट्यावर उभ्या राहिल्या तर ३९ किलो.

या टप्प्याला वजन वाढायला लागतं. मला काही समजेना. मी विचारलं, ताई, जेवण जात नाही का?

"जातं की. पण तुम्हीच सांगितलं होतं ना. भात सोडला. एक भाकरी खाते. टीबीच्या बाई म्हणाल्या शेंगदाण्याचे लाडू खा, सरकारचे पैसे त्याच्यासाठीच येतात. पण लाडवात गूळ असतो. म्हणून पोरांना दिले."

त्यांची उपाशीपोटी साखर त्या दिवशी १०६ होती.

मी तो कागद पुन्हा वाचला. पोट सुटलेल्या, ऐंशी किलोच्या माणसासाठी लिहिलेला तो कागद मी ४१ किलोच्या बाईला दिला होता, तोही एका दिवसाच्या रक्तावर. तिचं एचबीएवनसी ६.७ होतं खरं, पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेलं असेल तर ही तपासणी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हेही मला माहीत होतं. एका खिडकीवर तिला खा म्हणत होते, दुसऱ्या खिडकीवर खाऊ नको म्हणत होते, आणि तिने जास्त शिकलेल्या माणसाचं ऐकलं. मी तिची माफी मागितली. तिला त्याचं नवल वाटलं असावं. आमच्या आहारतज्ज्ञांसोबत बसून आम्ही टीबी असलेल्यांसाठी वेगळा कागद केला: अंडी, डाळ, शेंगदाणे, कडधान्य, दूध, भाकरी पोटभर, भात थोडा पण बंद नाही. पहिल्या भेटीत मी "तुम्हाला शुगर आहे" म्हणणं सोडून दिलं. "आज साखर जास्त आली आहे, ती कशामुळे ते आपल्याला दोन महिन्यांनी कळेल" असं सांगायला लागले. ज्यांची साखर फारच वर होती त्यांना अर्थातच त्याच दिवशी औषध सुरू व्हायचं, त्यात वाट बघण्यासारखं काही नसतं.

सहाव्या महिन्यात ताईंचं वजन ४५ झालं. उपाशीपोटी साखर ९२. दरवर्षी एकदा तपासा, हे मी त्यांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण आजारपणात चढून उतरलेली साखर पुढे कधीतरी परत येऊ शकते.

त्यांच्या अगदी उलट एक काका. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, डायबेटिस अकरा वर्षांचा, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळ्या चालू. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत त्यांची साखर तीनशेच्या वर गेली. पथ्य तेच, गोळ्या त्याच. त्यांनी घरीच निष्कर्ष काढला की ही नवीन औषधं बाधली, आणि नऊ दिवस टीबीच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. काकूंनी फोन करून मला सांगितलं, तेही दबक्या आवाजात.

त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. लघवी लाल करणारं टीबीचं औषध, रिफाम्पिसिन, यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतं. ग्लिमेपिराइडसारखी औषधं मग लवकर मोडून जातात, आणि घेतलेली गोळी पुरत नाही. मेटफॉर्मिनचं रिफाम्पिसिनशी एवढं वाकडं नाही. पण काकांना तेवढ्याने भागणार नव्हतं, इन्सुलिन लागणार होतं. इन्सुलिन म्हणताच ते गप्प झाले. त्यांच्या भावाला शेवटच्या दिवसांत इन्सुलिन दिलं होतं. मी त्यांना एकच सांगितलं, "काका, घाटात गिअर बदलता ना? गाडी बिघडली म्हणून नाही बदलत. चढ संपला की परत वरचा टाकता." ते हसले नाहीत, पण काकू सुई घ्यायला शिकल्या. पायांची आग होत होती ती डायबेटिसची की आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाची, हे ठरवता येण्यासारखं नव्हतं. बी-६ ची गोळी त्यांना मिळते आहे ना, एवढं मी पाहिलं.

परत आणण्याच्या कामाबद्दल किती लिहावं? माझ्या वहीत फोन नंबरांची पानं होती. एकेकाचे तीन नंबर: स्वतःचा, शेजाऱ्याचा, गावातल्या आशाताईंचा. बीडकडून ऊसतोडीला आलेलं एक जोडपं कारखान्याच्या हद्दीतल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहत होतं. नवऱ्याला टीबी. दोन महिन्यांची तपासणी झाली आणि मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, जोडपं गावी गेलं, फोन बंद. निक्षय या सरकारी टीबी-नोंदणीच्या आयडीमुळे त्यांची औषधं तिकडच्या केंद्रात मिळत होती, पण माझं रक्त राहिलं होतं. तिथल्या आशाताईंना मी सात-आठ वेळा फोन केला असेल. त्या एकदाही वैतागल्या नाहीत. सहाव्या महिन्यात त्यांनीच त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं, राखाडी ट्यूब मागून घेतली आणि रिपोर्टचा फोटो पाठवला.

१९५० च्या दशकात मद्रासला झालेला अभ्यास आम्ही शिकतो. सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, ठेवलेले आणि घरी राहून औषध घेणारे, दोघांचे निकाल सारखेच चांगले आले, आणि जगभर टीबीचे उपचार घरी व्हायला लागले. परीक्षेत आपण निकाल लिहितो. पण त्या निकालामागे कोणीतरी मद्रासच्या गल्ल्यांमधून घरोघर फिरून गोळ्या मोजल्या होत्या. त्यांची आठवण मला आशाताईंशी बोलताना यायची.

काही फोन दुसऱ्यांनी उचलले. एका आजोबांच्या मुलाने "बाबा गेले, मॅडम, पंधरा दिवस झाले" असं सांगितलं आणि मग विचारलं, "तुम्हाला त्यांचं काही लागणार होतं का?" त्यांना डायबेटिस आणि टीबी दोन्ही होतं, आणि दोन्ही एकत्र असले की टीबीत मृत्यूचा धोका वाढतो, हे मी प्रस्तावनेत संदर्भासकट लिहिलं होतं. एक्सेलमध्ये "आउटकम" नावाचा रकाना आहे. तिथे एकच शब्द भरायचा असतो. तो मी त्या दिवशी भरू शकले नाही, दुसऱ्या दिवशी भरला.

थेसिस वेळेत जमा झाला. एका रुग्णालयातल्या शंभर-सव्वाशे पेशंटवरून देशाबद्दल काही सांगता येत नाही, म्हणून टक्केवारी इथे देत नाही. एवढं मात्र आमच्याकडे स्पष्ट दिसलं की नव्याने साखर वाढलेली निघालेल्यांचे दोन वेगळे गट होते, आणि पहिल्या दिवसाच्या एकट्या आकड्यावरून कोण कुठल्या गटात जाणार हे मला सांगता आलं नसतं. व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मग पहिल्या दिवशी शुगर तपासायचीच कशाला? मी म्हटलं, "दुसऱ्यांदा बोलवायचं कुणाला ते कळायला, सर." मॅडम तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होत्या.

काकांचा कोर्स संपला तेव्हा मी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं: शेवटच्या गोळीनंतर तीन आठवडे रोज सकाळी साखर बघायची. रिफाम्पिसिन थांबलं की यकृत हळूहळू पूर्वपदावर येतं, टीबीशी झगडणारं शरीरही शांत होतं, आणि तेच औषध आता जास्त पडू लागतं. साखर एकदम खाली जाऊ शकते.

बाराव्या दिवशी पहाटे सहाला त्यांचा फोन आला. दरदरून घाम आला होता, हात कापत होते, मशीनवर ५८. काकूंनी मी सांगितल्याप्रमाणे आधी गूळ-पाणी दिलं आणि मग फोन लावला. पंधरा मिनिटांनी परत बघा म्हटलं, तर ९६ आली. सकाळचं इन्सुलिन घेऊ नका, नाश्ता करून थेट ओपीडीत या, डोस कमी करायचा आहे, असं मी सांगितलं. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "अकरा वर्षांनी गूळ खाल्ला, ताई. चाललं ना?"

"चाललं काका," मी म्हटलं. "पोहे खाऊन निघा."